हिरव्या टोपीवर किती विसंबायचं?



गेल्या महिन्यात आमच्या नांदे गावातल्या बचत गटाच्या बैठकीला एक विक्रेता आला होता. त्याच्या पेटीत टायरच्या व्हॉल्व्हवर बसवायच्या टोप्या होत्या. दिसायला नेहमीच्या टोपीसारख्या, पण वर पारदर्शक छोटी खिडकी. हवा पुरेशी असेल तर खिडकीत हिरवा रंग, कमी झाली की पिवळा, फारच कमी झाली की लाल. "ताई, गटाने पन्नास संच घ्या आणि विका, कमिशन तुमचं. आता तर सरकारनेही हे मान्य केलंय," असं त्याचं म्हणणं.

आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी स्कूटर चालवतात. कुणी हिंजवडीला जेवणाचे डबे पोचवते, कुणी बालेवाडीला कामाला जाते, कुणी मुलांना शाळेत सोडते. त्यामुळे वस्तू सगळ्यांना आवडली. पण पैसा गटाचा होता. म्हणून म्हटलं, आधी चार टोप्यांचा एक संच मी माझ्या पैशाने घेते, माझ्या गाडीवर बघते, मग ठरवू.

ही टोपी काम कशी करते ते आधी सांगते. गॅसचा सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या तोंडाशी मधोमध एक पिन असते. ती वर असेपर्यंत गॅस आतच राहतो. रेग्युलेटर बसवला की पिन दाबली जाते आणि गॅसला वाट मिळते. तेव्हा गळती होऊ नये म्हणून सगळी भिस्त वॉशरवर असते. म्हणूनच सिलिंडर आला की आपण वॉशर आहे ना, ते बघतो.

टायरच्या व्हॉल्व्हमध्येही अशीच पिन असते. हवा धरून ठेवण्याचं काम ती करते. साधी टोपी फक्त धूळ आणि पाणी अडवते. रंगाच्या टोपीला मात्र आतला दाब कळायला हवा, म्हणून ती पिन सतत दाबून धरते. म्हणजे व्हॉल्व्ह कायमचा उघडा, आणि हवा अडवायला उरतं टोपीतलं एवढंसं रबर. ते नीट बसलं नाही, चिरलं किंवा त्यात खडा अडकला, तर जी टोपी हवा कमी झाल्याचं सांगणार, तीच हवा घालवते.

आता माझा अनुभव. टोप्यांवर 36 असा आकडा होता. मागच्या टायरमध्ये मोजून 36 पीएसआय हवा भरली आणि चारही टोप्या एकेक करून त्याच टायरला लावल्या. तिघींनी हिरवा दाखवला, चौथीने पिवळा. मग हवा 32 वर आणली. एक टोपी तरीही हिरवीच! पुन्हा 36 भरून ती टोपी लावली आणि गाडी दोन दिवस उभी ठेवली. हवा 31 झाली. साधी टोपी लावून तेवढेच दिवस ठेवली, तर 36 ची 36. साबणाचं पाणी लावल्यावर रंगाच्या टोपीच्या कडेने बुडबुडे आले.

दुसरी अडचण आकड्याची. माझ्या स्कूटरच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे पुढच्या टायरला 22 पीएसआय हवा लागते. मागच्याला एकटी असताना 29 आणि मागे कुणी बसणार असेल तर 36. विक्रेत्याकडे 32 आणि 36 च्याच टोप्या होत्या, म्हणजे मोटारीच्या मापाच्या. त्या पुढच्या टायरला लावल्या तर हवा बरोबर असूनही लाल दिसणार. लाल दिसतं म्हणून आणखी हवा भरली, तर टायर टणक होऊन पावसात घसरायची भीती. आणि हवा जास्त झाल्याचं ही टोपी सांगतच नाही. 45 भरली तरी रंग हिरवाच.

सरकारी मान्यतेचं काय? केंद्र सरकारने 2020 साली नियम बदलला हे खरं. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचं साहित्य आणि टायरचा दाब सांगणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनीची सक्ती नाही. पण ही यंत्रणा म्हणजे गाडी चालू असताना चालकाला समोर इशारा देणारी. रंगाची टोपी बघायला गाडी थांबवून खाली वाकावं लागतं. दोन्ही एक नव्हेत.

मग करायचं काय? हवा मोजायचं साधं गेज घ्या. काही शे रुपयांत मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी काढण्याआधी मोजा. गाडी चालली की टायर तापतो आणि आकडा वाढून दिसतो. आपल्या गाडीचे आकडे पुस्तिकेतून लिहून डिकीत ठेवा. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते. तिथला मुलगा "दोन्हीकडे तीस मारू का?" असं विचारेल. तेव्हा पुढचा आणि मागचा आकडा आपणच सांगायचा. कुणी आधीच रंगाच्या टोप्या लावल्या असतील तर एवढं लक्षात ठेवा : लाल दिसलं तर गेजने मोजा, आणि हिरवं दिसलं तरीही मोजा.

आमच्या गटाने टोप्या घेतल्या नाहीत. दोन गेज घेतली. पुढच्या बैठकीला सगळ्यांच्या गाड्या मोजल्या, तर डबे पोचवणाऱ्या ताईंच्या मागच्या टायरमध्ये निघाली 17. त्या रोज दोन मोठ्या पिशव्या लादून सूसच्या चढावर जातात. "गाडी जड लागत होती, पण मला वाटलं डब्यांचंच वजन," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या आधी पंपावर गेल्या, मग डबे घेऊन निघाल्या.

तुम्हीही उद्या सकाळी एकदा मोजा.