बाळाचं नाक का वाजतं?

रात्री सगळं शांत झालं की तान्ह्या बाळाचं नाक घुरघुरू लागतं आणि अख्खं घर उठून बसतं. बाळंतिणीने दही खाल्लं का, पंखा कुणी लावला, अशी चौकशी सुरू होते. बाळंतिणीवर हा आळ उगाच येतो. बहुतेक वेळा ती सर्दी नसतेच.

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्याचं स्वरयंत्र घशात बरंच वर असतं, त्यावरची झाकणी टाळूच्या मऊ भागाला जवळजवळ टेकते. त्यामुळे नाक चोंदलं की तोंडाने श्वास घेणं त्याला चटकन जमत नाही. म्हणून ते दोन घोट पितं, स्तन सोडतं, रडतं, पुन्हा धरतं. त्यात नाकपुड्या इवल्याशा. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा साधारण १६ पट वाढतो. त्यामुळे सुकलेल्या शेंबडाचा एक कणही आवाज करायला पुरतो. तो बाहेर काढायलाच बाळ शिंकतं.

यावर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे असतात. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाकावेत, थोडं थांबावं आणि बाहेर आलेलं मऊ कापडाने टिपावं. कापसाची वात आत घालू नये.

न्हाऊ घालताना नाकात तेल सोडण्याची पद्धत मात्र आता थांबायलाच हवी. तेलाने ठसका लागेलच असं नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरू शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. धुरीने नाकाचं अस्तर आणखी सुजतं, आणि कापूर तर तान्ह्या बाळासाठी विषारीच. मोठ्यांचे नाक मोकळं करणारे थेंबही नकोत. सर्दीच्या औषधांतलं क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये बजावलं आहे.

बाळ नीट दूध पीत असेल तर नुसत्या आवाजाला घाबरू नका. बाळ शांत असताना झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजा. आकडा तसाच आला, छाती आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, ओठ निळे पडले, दूध तुटलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि त्याच रात्री रुग्णालय गाठा.