अर्दितात मुखाची संवेदनपरीक्षा

तोंड वाकडे झाले म्हणून रुग्ण आला की आपण बहुधा अर्दिताचे निदान करून अभ्यंग, स्वेदन व नस्य यांची योजना करतो. बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांतून असा रुग्ण अनेकदा प्रथम वैद्याकडेच येतो. म्हणूनच चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी पाच मिनिटे मुखाच्या संवेदनपरीक्षेस द्यावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

चेहऱ्याची हालचाल सातव्या शीर्षण्य नाडीच्या, तर स्पर्शज्ञान पाचव्या नाडीच्या अधीन असते. केवळ सातवी नाडी बिघडली असता रुग्ण 'गाल बधिर झाला' असे म्हणतो खरे, परंतु कापूस टेकविल्यास स्पर्श त्याला कळतो. तो खरोखरच कळत नसेल, तर व्याधी निराळा समजावा. त्याच बाजूचा हातही अकस्मात दुबळा झाला असेल, तर नस्याचा विचार सोडून रुग्णास तत्काळ जिल्हा रुग्णालयात धाडावे.

कापूस वऱ्हाडात मागावा लागत नाही! रुग्णास डोळे मिटावयास सांगून कपाळ, गाल व हनुवटी यांवर दोन्ही बाजूंस कापूस अलगद टेकवावा, ओढू नये. जबड्याचा कोन मात्र ग्रीवेतील नाडीच्या क्षेत्रात येतो, हे ध्यानात असावे.

रुग्णाच्या मुखातील रस त्याला विचारूनच जाणावा, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. जीभ बाहेर काढवून तिच्या एका कडेस साखरेचे, मग चूळ भरवून मिठाचे पाणी कापसाच्या काडीने लावावे. जीभ आत न घेता रुग्णाने बोटाने खूण करावी. जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाची चव सातव्या नाडीकडे व स्पर्श पाचव्या नाडीकडे असल्याने अर्दितात चव जाऊनही स्पर्श राहू शकतो.

कुष्ठाच्या पूर्वरूपांत चरकाने स्पर्शाज्ञत्व गणिले आहे. तथापि चेहऱ्यावर नाड्यांचे जाळे दाट असल्याने महारोगाच्या तेथील चट्ट्यात स्पर्श शाबूत राहू शकतो. तेवढ्यावरून व्याधी नाही असे ठरवू नये. कानाखाली मानेवरून जाणारी नाडी जाड झाली आहे काय ते चाचपावे, हातापायांवरील चट्टे पाहावेत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीस तपोवन उभारले, त्या काळी या व्याधीवर आजच्यासारखी बहुविध औषधोपचारपद्धती नव्हती. आज ती शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर जाहीर झालेल्या 'निर्मूलना'चा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण इतकाच होता. आमच्या मते त्या शब्दाने आपली दक्षता उगाच शिथिल केली.

आणखी एक लक्षण फार मोलाचे आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू व खर्रा सुटलेला नाही. दात काढलेला नसताना, मार लागलेला नसताना खालचा ओठ व हनुवटी एका बाजूस बधिर झाली, तर जबड्यातील नाडीवर अर्बुदाचा दाब असू शकतो. अशा रुग्णास गंडूष सांगून पंधरा दिवसांनी बोलावू नये. त्याच दिवशी पत्र देऊन मुखरोगतज्ज्ञाकडे पाठवावे आणि पत्रात बधिर भागाची आकृती काढून द्यावी.