एच-इंडेक्स ४० म्हणजे नेमके किती?

एपिलेप्सी किंवा झोपेवर काम करणाऱ्या संशोधकाचा एच-इंडेक्स ४० आहे म्हटले, की त्याने ४० निबंध लिहिले असा समज होतो. खरे तर त्याच्या ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० सायटेशन (इतर निबंधांत दिलेले संदर्भ) मिळालेले असतात. एकूण निबंध कितीतरी जास्त असू शकतात. भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेला हा आकडा क्रिकेटमध्ये पन्नाशी ओलांडलेले डाव मोजण्यासारखा आहे: ५५ काढा की ३००, भर एकाचीच. आकडा निदान निःपक्षपाती तरी आहे, असे कोणी म्हणेल. असेलही, पण निबंधांच्या संख्येपुढे तो जाऊच शकत नाही. उदाहरण घ्या: अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आरईएम झोपेची (बंद पापण्यांआड बुबुळे झरझर फिरतात ती) नोंद केली. निबंध जेमतेम दोन पानांचा. निद्राविज्ञानाला त्याने वळण दिले, एच-इंडेक्सच्या हिशेबात मात्र तो एकच.