आंजर्ल्याची वेबसाइट आणि विकतची मते

आंजर्ले म्हटले की कड्यावरचा गणपती आणि कासवे. मार्च-एप्रिलमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे निघतात, ती पाहायला मुंबई-पुण्याची मंडळी येतात आणि गावातील घरगुती खोल्या भरतात. गिरणीत, गोदीत राबलेल्या बापाच्या फंड-ग्रॅच्युइटीतून दोन खोल्या उभ्या कराव्यात, मुलाने वेबसाइट तयार करावी, इथपर्यंत आपल्या कुटुंबांनाही जमते. पण गुगलवर शोधावे तर आपले नाव पाचव्या पानावर! तिथवर कोण जातो?

मग फोन येतो, ‘इतके हजार द्या, हजार लिंक जोडून वर आणतो.’ बंधू-भगिनींनो, पैसे देण्यापूर्वी थांबा.

दुसऱ्याच्या वेबसाइटवर आपले नाव दाबताच आपले पान उघडते, ती लिंक. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी गुगल काढले, तेव्हा लिंक म्हणजे एक मत असे धरले. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे राजकारणातील तत्त्व सांगितले. गुगलच्या मतदानात ते समान मूल्य नाही. ज्या पानाला स्वतःला पुष्कळ मते, त्याचे मत जड. आपल्याला ही रीत पटो न पटो, धंदा तिच्यातच करायचा आहे.

मते विकत घेणे मात्र गुगलच्या नियमात बसत नाही. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून त्यांनी अशा वेबसाइट खाली ढकलल्या. आता तर विकतच्या लिंक बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत. म्हणजे घामाचा पैसा खाडीत! ‘मी तुला, तू मला’ असे ठरवून लिंक देत सुटणेही तिथे खपत नाही.

खरी मते मिळवण्याची जागा आपल्या जवळच आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. निवृत्तीनंतर सुभेदार रामजी कुटुंबासह राहिले ते दापोलीत. पुढे महाडला चवदार तळे. या तिन्ही ठिकाणी आपली माणसे मुलाबाळांसह जातात, आणि रात्री मुक्काम कुठे करावा हा प्रश्न पडतोच. वेबसाइटवर या प्रवासाचे एक पान लिहावे. एस.टी. कुठे बदलायची, जेवण कुठे मिळते, म्हाताऱ्या माणसांना किती चालावे लागेल, हे सगळे स्वतः जाऊन पाहून लिहावे. फोटो स्वतः काढलेले असावेत. मग सहली नेणाऱ्या बुद्धविहारांना, कर्मचारी संघटनांना, महिला मंडळांना ते पान दाखवून आपल्या वेबसाइटवर लिंक देण्याची विनंती करावी. उपयोगाचे असेल तर ते आनंदाने देतील, एक पैसाही न घेता. गुगलच्या नकाशावरही नोंद फुकट होते, ती राहू देऊ नये.

या लिंकचे फळ दिसायला काही महिने जातात. चवदार तळ्याचा २० मार्च आणि कासवांचा हंगाम एकाच सुमारास येतात, तेव्हा हे पान दिवाळीपूर्वीच तयार हवे.