तरुण वयातील आमवात : आहार, विहार आणि औषध

संधिवात हा म्हातारपणाचा सोबती, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे पंचविशीतील मुलीने सकाळी उठल्यावर बोटे वळत नसल्याची तक्रार केली, तर घरातील मंडळी ती थंडीवर किंवा आळसावर घालतात. ही समजूत कित्येक तरुण हातांना महाग पडते. उतारवयात सांध्यांची झीज होऊन गुडघे दुखतात, तो विकार निराळा आणि ऐन तारुण्यातही जडू शकणारा आमवात निराळा.

रोगाचे स्वरूप

माधवनिदान या जुन्या वैद्यक ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. बहुतांशी तशाच लक्षणांच्या रोगाला पाश्चात्य वैद्यकात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हे नाव इंग्लंडमधील डॉ. गॅरड यांनी १८५९ साली रूढ केले. जंतूंपासून रक्षण करणारी शरीराची यंत्रणाच या रोगात सांध्यांच्या आतील नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरते. स्त्रियांमध्ये याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते.

दोन्ही हातांची बोटे, मनगटे आणि पायांचे चवडे बहुधा एकाच वेळी सुजतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक, पुष्कळदा तासभर टिकतो. थकवा, बारीक ताप आणि पंडुरोगही असू शकतो. अशी लक्षणे सहा आठवडे टिकली, तर रक्ततपासणी करून घेण्यास विलंब लावू नये. रोग सुरू झाल्यानंतरचे पहिले काही महिनेच सांधे वाचविण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात.

आहार : किती साधते, किती साधत नाही

आहाराने वेदना व ताठरपणा काही अंशी कमी होतो; मात्र केवळ पथ्याने हाडांची हानी थांबत नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली तयार केलेल्या मार्गदर्शक सूचनांत भाज्या, फळे, कडधान्ये, अखंड धान्ये व मासे यांवर भर देणारा भूमध्यसागरी पद्धतीचा आहार सुचविला आहे, तोही औषधांच्या जोडीने.

आपल्या किनारपट्टीवर असा आहार परका नाही. तारले व बांगडे या स्वस्त मासळीत दाह कमी करणारी स्निग्ध द्रव्ये असतात. ती तळण्याऐवजी तिचे हुमण करावे व त्यात खोबरे बेताचे घालावे. शाकाहारी मंडळींनी जवस व अक्रोड घ्यावेत. नाचणीच्या आंबिलीतून चुना मिळतो, तर अळसांदे, कुळीथ व तांबडी भाजी यांनी ताट पुरे होते. खारवलेली मासळी, लोणची, साखर आणि बेकरीचे पदार्थ कमी करावेत. वजन वाढू देऊ नये, कारण वाढत्या वजनाचा भार गुडघे व घोटे सोसतात.

आंबट, दही, वांगे, बटाटा, भात असे एकेक पदार्थ वर्ज्य करीत गेलेला रोगी अखेर अशक्त होतो. हे पदार्थ सर्वांनाच बाधतात असे सिद्ध झालेले नाही. एखाद्या पदार्थाने त्रास वाढतो अशी शंका असेल, तर तो दोन-तीन आठवडे बंद ठेवावा व मग पुन्हा खाऊन पाहावा. फरक न पडल्यास उगाच सोडू नये.

तंबाखूविषयी मात्र शंकेला जागा नाही. धूम्रपानाने हा रोग जडण्याचा संभव वाढतो आणि जडलेला रोग अधिक उग्र होतो.

विहार

सूज भरात असताना सांध्याला विश्रांती द्यावी. परंतु दिवसातून दोन-तीनदा तो हळुवारपणे हलवावा, अन्यथा तो आखडतो. सूज ओसरल्यावर चालणे, पोहणे किंवा सायकल चालविणे नियमाने करावे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे उघडमीट केल्यास ताठरपणा लवकर सुटतो. कळशी दोन्ही हातांनी उचलावी, पिशवी बोटांत न धरता कोपराजवळ अडकवावी, सुरीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करावी. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षिकेने खडू जाड नळीत बसवून धरावा.

औषधाविषयी सावधगिरी

वेदनाशामक गोळ्या दुखणे दडपतात, रोग थांबवीत नाहीत. रोगाची गती रोखणाऱ्या औषधांत मेथोट्रेक्सेट प्रमुख आहे. या रोगासाठी ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते. म्हणून तो वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, मद्य टाळावे आणि रक्ततपासणी चुकवू नये. बाजारात मिळणाऱ्या काही बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्यांनी आठवड्यात आराम पडतो, पण पुढे हाडे ठिसूळ होतात. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

मुलीचे लग्न ठरले की कित्येक घरांत गोळ्या लपविल्या जातात किंवा बंद होतात आणि वर्षभरात बोटे वाकतात. वस्तुतः हा रोग विवाहाला वा मातृत्वाला आडकाठी नाही. मेथोट्रेक्सेट चालू असता गर्भधारणा होऊ देऊ नये, हे खरे. परंतु आधी सल्ला घेतल्यास ते वेळेवर थांबवून गरोदरपणात चालणारे दुसरे औषध देता येते.

गावातील शिक्षक, आरोग्यसेविका व पंचायत सदस्य यांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल : तरुण व्यक्तीची सकाळची तक्रार हसण्यावारी नेऊ नये आणि तिला वेळीच वैद्यकीय तपासणीस पाठवावे. हात शाबूत राहिले, तर शिक्षण, नोकरी व संसार यांपैकी काहीच अडत नाही.