अठरा चौरस किलोमीटरचे राज्य

प्रशांत महासागरातल्या नाउरू या देशाचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. तरी संसद आहे, राष्ट्राध्यक्ष आहे, संयुक्त राष्ट्रांत खुर्ची आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड गावाकडे यातले काहीच नाही. पण १८०९.६१ हेक्टर, म्हणजे सुमारे १८ चौरस किलोमीटर जंगलावर या गावाचा सामूहिक वनहक्क आहे.

१९८०च्या दशकात इचंपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन पेटले. धरणे अडली आणि मेंढ्यात वेगळाच प्रश्न उभा राहिला: आपल्या गावचा कारभार कोणी चालवायचा? देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने उत्तर दिले, ‘मावा नाटे मावा राज’. निर्णय ग्रामसभेत, तेही सर्वसहमतीने. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. त्याआधी अभ्यासगटात कायदे वाचायचे, जाणकारांना विचारायचे. अभ्यासगट ठराव करत नाही आणि ग्रामसभा माहितीवाचून ठरवत नाही.

२००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले. वनखाते मात्र १९२७च्या कायद्यावर बोट ठेवून त्याला झाडच म्हणत राहिले. २००९मध्ये हक्क मिळूनही वाहतूक परवान्याची किल्ली खात्याकडेच होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कापणीची मजुरी गावात राहिली, विक्रीसाठी बोली गावाने मागवल्या.

इथे नाउरूची आठवण उपयोगी पडते. १९६८मध्ये स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने फॉस्फेटच्या खाणी ताब्यात घेतल्या. काही वर्षे दरडोई उत्पन्नात तो जगातल्या अव्वल देशांत गणला गेला. साठा सरला, गुंतवणुका बुडाल्या आणि बेटाच्या मधोमध खणून काढलेला उजाड पठारी भाग उरला. फॉस्फेट परत उगवत नाही. बांबूला पावसाळ्यात नवे कोंब फुटतात. पण कोवळे बांबू राखून पक्के तेवढेच तोडले, तरच बांबूचे बेट टिकते. ही शिस्त पाळणारे माणूस जागेवर लागते.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने एक पाऊल पुढे टाकले. वनहक्क मिळाल्यावर या गावाने तेंदूपत्त्याची तोडणीच बंद केली. पत्त्यासाठी जंगलात आग लावली जाते, फांद्या छाटल्या जातात आणि तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे, फळ पाखरांना, माणसांना मिळत नाही, हा त्यामागचा हिशेब. हातचे पैसे सोडायचे, तर निर्णय स्वतःचा असावा लागतो.

मेंढ्याने २०१३मध्ये ग्रामदान कायद्याखाली शेतजमीनही ग्रामसभेकडे सोपवायचे ठरवले. मालकी हातात आल्यावर ती विकून न खाण्याची सोय स्वतःच करून ठेवणे, हे मोठमोठ्या सरकारांनाही जमलेले नाही.