ज्योत नसलेली चूल

चूल म्हटली की जाळ आलाच, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. जाळ दिसला की हात आपोआप मागे येतो. परंतु अलीकडे बेळगाव-खानापूरकडील आमच्या खेड्यांतूनही इंडक्शनची शेगडी आली आहे आणि तिला ज्योत नाही, धूर नाही, निखाराही नाही. विस्तव दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे मानणे किती महागात पडते, हे आम्ही एका शेजारघरी पाहिले. भाकरीचा तवा नुकताच उतरविला होता. शेगडी बंद होती. काच काळीभोर व शांत दिसत होती. घरच्या आजीबाईंनी पीठ झाडण्यास म्हणून तिच्यावर तळहात टेकविला आणि क्षणात हाताला फोड आले. त्यांचा काय दोष? त्या शेगडीची ओळखच त्यांना कोणी करून दिली नव्हती. ती ओळख करून द्यावी, एवढ्याचसाठी हा लेख.

हिचे मूळ तत्त्व मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1831 साली शोधून काढले. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते व त्यातून अतिशय वेगाने दिशा पालटणारी वीज वाहते. त्या योगे वर चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यात लोखंडी बुडाचे भांडे आले की बुडातच विजेचे भोवरे उठतात आणि भांडे स्वतःच तापते. काच तापते ती भांड्याच्या आचेने. म्हणूनच भांडे उचलल्यावरही ती बराच वेळ पोळते.

यावरून भांड्याची निवड कशी करावी, हे उघड होते. घरातील साधे लोहचुंबक बुडाला लावून पाहावे. घट्ट चिकटले तर भांडे चालेल. बिडाचा व लोखंडी तवा उत्तम. स्टीलची काही भांडी चालतात, काही नाहीत. साधा ॲल्युमिनियमचा कुकर, तांब्यापितळेची पातेली व कालवणाचे मातीचे मडके येथे निरुपयोगी. बूड सपाट हवे. गोल बुडाची कढई नीट तापत नाही. मात्र म्हणून आईची तांब्यापितळेची भांडी मोडीत घालू नका. नाताळचा दोदोल तासन्‌तास घोटावयाचा तो मोठ्या भांड्यातच, आणि त्यासाठी परसातील चूलच खरी. शिवाय पावसाळ्यात वीज गेली की जुन्या चुलीचीच आठवण होते.

आता विजेविषयी. 2000 वॉटची शेगडी पूर्ण जोराने अर्धा तास चालली की एक युनिट वीज जाते व तारेतून सुमारे 9 अँपिअर प्रवाह वाहतो. दिव्यापंख्याच्या लहान सॉकेटला हा भार पेलत नाही. अर्थिंग असलेले 16 अँपिअरचे सॉकेट जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावे. लांब वायरीच्या जोडबोर्डावर शेगडी चालवू नये. वायर तापून आग लागण्याचे भय असते.

स्वयंपाकाची जुनी सवयही थोडी बदलावी लागते. येथे आच फार लवकर लागते. दूध पाहता पाहता उतू जाते आणि तेल ठेवून अंगणात गेल्यास ते पेट घेऊ शकते. रिकामे भांडे मोठ्या आचेवर ठेवल्यास बूड वाकडे होते. जाळावर टम्म फुगणारी भाकरी येथे तव्यावरच, स्वच्छ फडक्याने हलकेच दाबून फुगवावी.

निगा सोपी आहे. शेगडी भिंतीपासून थोडी दूर ठेवावी, म्हणजे पंख्याला हवा मिळेल. काम संपताच भिंतीवरील बटण बंद करू नये. आतला पंखा थांबू द्यावा. काच निवाल्यावर मऊ ओल्या फडक्याने पुसावी. वर पाणी ओतू नये की तारेच्या घासणीने घासू नये. गुळाचा पाक सांडला तर तो काचेला धरतो, म्हणून शेगडी बंद करून लाकडी उलथन्याने तो लवकर सोडवावा. खालच्या जाळीतून झुरळे व मुंग्या आत शिरतात, तेव्हा ओटा कोरडा व स्वच्छ असावा. काचेला तडा गेल्यास ती शेगडी मुळीच वापरू नये. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे व चालू शेगडीपासून दोन फूट तरी दूर राहावे.

काही शेगड्यांवर काच गरम असेतोवर ‘एच’ हे इंग्रजी अक्षर उजळते. पण ते आमच्या आजीबाईंना काय सांगणार? आता त्या घरी एक साधी युक्ती केली आहे. भांडे उतरविले की शेगडीसमोर लाल पेला उभा करावयाचा आणि काच निवाल्यावरच तो उचलावयाचा. घरातील चार वर्षांच्या नातीलाही ही खूण कळते.

चूल पेटविण्यापूर्वी क्रुसाची खूण करणाऱ्या माउल्या आम्ही पाहिल्या आहेत. बटण दाबतानाही ती खूण करता येते. बेथानीच्या मार्थेचे घर प्रभूला प्रिय होते; आपलेही व्हावे. धुराशी झगडण्यात जाणारा वेळ या शेगडीने वाचविला आहे. त्यातील पहिला तास, भगिनींनो, घरच्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ही नवी चूल समजावून देण्यात खर्ची घाला.